जेनस-6, व्हाया दल्ली-राजहरा

दार उघडंच आहे. रविवारी सकाळी टीव्हीवाल्या घराचं दार लावून घेणं या स्ट्रीटवर शिष्टपणाचं समजतात, त्यामुळे तुम्ही शेजारच्या ब्लॉकमधून आलात की चाळीस वर्षांपुढून, कुणी विचारत नाही. उंबऱ्याशी चपलांचा ढीग आहे. तुमचे बूट त्यात जरा वेगळे दिसतात. पण हे भिलाई आहे, रशियन कॉम्प्लेक्समधले लोक इथल्याच बाजारात भाजी घेतात. परक्या बुटांचं इथे कुणाला अप्रूप नाही.

“बसा नं ताई, उभ्या काहून?”

हे तुमचे बाबा. तुमच्याहून पंधराएक वर्षांनी लहान. डोकंभर काळे केस, आणि डोळे तांबारलेले, कारण रात्री दहा ते सकाळी सहाची सी शिफ्ट करून ते रेल मिलमधून आलेत आणि झोपायचं सोडून टीव्हीसमोर बसलेत. वर्धेची बोली इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी तशीच आहे. ते तुम्हाला ओळखत नाहीत. ओळखायचं कारणही नाही. त्यांची मुलगी त्यांच्या पायाशी चटईवर बसली आहे, फ्रॉकचा बंद सुटलेला, तोंडात पेन्सिल. ती तुम्ही.

साल 1985 च्या आगेमागे. ‘रामायण’ अजून सुरू व्हायचंय. ते 25 जानेवारी 1987 ला येईल आणि मग रविवारची सकाळ देवांच्या ताब्यात जाईल. सध्या ती एका अंतराळयानाच्या ताब्यात आहे. लाकडी शटरच्या ब्लॅक अँड व्हाइट सेटवर ‘स्टार ट्रेक’ लागलंय, इंग्रजीतच, खाली ओळीबिळी काही नाहीत. अमेरिकेत ही मालिका 1966 ते 1969 चालली, तीन मोसमांत 79 भाग झाले आणि पुरेसे प्रेक्षक नाहीत म्हणून बंद पडली. तुमच्या बाहेरच्या खोलीत ती वीसेक वर्षांनी पोचली आहे. ताऱ्यांचा उजेड याहून उशिरा येतो, तेव्हा तक्रार नको.

खोलीत कोण कोण आहे एकदा पाहून घ्या. सोफ्यावर कोक ओव्हनमधले तेलुगू काका, शेजारी सेक्टर-9 हॉस्पिटलातली मल्याळी सिस्टर, मोढ्यावर बंगाली मास्तर, खिडकीच्या कठड्यावर समोरच्या सरदारजींची दोन पोरं. त्या यानाच्या, एंटरप्राइझच्या, कंट्रोल रूममध्ये जपानी वंशाचा चालक, आफ्रिकी स्त्री अधिकारी आणि स्कॉटिश इंजिनीअर एकत्र बसतात, हे त्या वेळच्या अमेरिकेला धाडस वाटलं होतं. या स्ट्रीटला त्यात विशेष काही दिसत नाही. दुसऱ्या मोसमापासून त्यांच्यात चेकोव्ह नावाचा रशियन येऊन बसतो, तोही ऐन शीतयुद्धात. भिलाईच्या पोरांना तेही साहजिक वाटतं. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तेव्हापासून इथे चार इंजिनीअर जमले की त्यात एखादा रशियन सापडायचाच. भारतीय माणूस मात्र त्या यानावर नाही. एकदाच एक येतो, खान नूनियन सिंग नावाचा, 1990 च्या दशकात पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्यावर राज्य केलेला हुकूमशहा. त्याचं काम केलं मेक्सिकन नटाने. 1990 चं दशक तुम्ही भिलाईतच काढलंय. तसं काही झालं नाही. झालं ते वेगळं.

आता इथे यायचं कारण. अलीकडेच दुर्गला पद्मनाभपूरमध्ये भावाच्या घरी तुम्ही हाच भाग लॅपटॉपवर लावलात. 2006 पासून पुढे सगळी मालिका नव्याने साफसूफ करून निघाली, ती प्रत. पहिला धक्का बसला तो सदऱ्यांचा. सोनेरी, निळे आणि लाल! बाबांच्या टीव्हीवर ते सगळे राखाडी होते, कुणाचा गडद, कुणाचा फिका, एवढंच. लाल सदऱ्यातला बिननावाचा शिपाई ग्रहावर उतरला की तो मेलाच म्हणून समजा, हा विनोद पुढे जगभर झाला. तुमच्या खोलीत तो कुणालाच कळला नसता. कोण मरणार हे इथे आधी दिसत नाही, म्हणून प्रत्येक मरण खरं लागतं. यानावरच्या परग्रही अधिकाऱ्याची, स्पॉकची, कातडी आधी लालसर करायचा बेत होता. पण काळ्या-पांढऱ्या सेटवर ती काळीच दिसेल म्हणून पिवळट-हिरवी केली. म्हणजे हॉलिवुडमध्ये कुणीतरी तुमच्या घरच्या टीव्हीसारख्या टीव्हीचा विचार करत होतं, तुमचा नसला तरी.

दुसरा धक्का भाच्याने दिला. बोगद्यातून तो प्राणी बाहेर आला तेव्हा तो म्हणाला, “आत्या, ही तर चटई सरकून राहिली!” आणि खो-खो हसला. त्याच प्राण्याला भिऊन तुम्ही दोन रात्री आजीजवळ झोपला होतात. नेमकं कशाला भ्यायलात, हे पाहायला तुम्ही परत आला आहात.

तर, पडद्यावर बोगदा. भागाचं नाव ‘द डेव्हिल इन द डार्क’, लेखक जीन कून, अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला 9 मार्च 1967 ला. जेनस-6 हा ग्रह, पर्जियम नावाच्या खनिजाची खाण. खाणीतली माणसं एकेक करून मरताहेत, अंगावर ॲसिड पडल्यासारखी जळून. पन्नासेक गेली आहेत. एका पहारेकऱ्याला अंधारात एकटं ठेवून बाकीचे निघून जातात. चटईवरची मुलगी बोटं डोळ्यांवर धरते, फटी ठेवून.

मग कॅप्टन कर्क येतो आणि खाणीचा साहेब त्याला गाऱ्हाणं सांगतो. माणसं मेली हे तर आहेच, पण काम थांबलंय आणि कितीतरी ग्रहांच्या अणुभट्ट्या या खनिजावर चालतात, हेही तो तितक्याच पोटतिडिकेने सांगतो. खोलीतल्या बहुतेकांना त्याचं इंग्रजी कळत नाही. ‘प्रॉडक्शन’ तेवढं कळतं. तेलुगू काका मान हलवतात. हा शब्द भिलाईत सगळ्या भाषांचा आहे. तुमच्या लहानपणी घरात साखर संपल्याचं जितक्या वेळा ऐकू यायचं, त्याहून जास्त वेळा अमुक महिन्याचं प्रॉडक्शन किती, हे ऐकू यायचं.

तेवढ्यात वस्तीच्या अणुभट्टीचा मुख्य पंप चोरीला जातो. तो प्राणीच नेतो. पंप जुन्या बनावटीचा, बदली मिळत नाही, हवा आणि ऊब दोन्ही बंद पडणार. बाबा एकदम ताठ बसतात.

“स्पेअर नाही ठेवला का बे यांनी?”

खोली हसते. तुम्ही हसत नाही. लॅपटॉपवर पाहताना हे वाक्य तुम्हाला आठवत नव्हतं, आणि समीक्षक म्हणून पाहिलं तर या भागातली सगळ्यात मोठी खोट बाबांनी एका दमात काढली आहे. एवढी वस्ती ज्या एका पंपावर जगते त्याचा जोड भांडारात नाही! तेविसाव्या शतकात! रेल मिलमध्ये असं झालं असतं तर स्टोअरच्या माणसाला सकाळी साहेबासमोर उभं राहावं लागलं असतं.

साहेबाच्या टेबलावर एक गोळा पडलेला असतो, गुळगुळीत, दगडाचा. स्पॉक तो हातात घेऊन पाहतो. साहेब म्हणतो, असे हजारो निघालेत, तीन महिन्यांपूर्वी खालचा नवा थर उघडला तिथे. काही कामाचे नाहीत. मुलीला तो गोळा आवडतो. तिच्या मते तो भोवऱ्याच्या कामाचा आहे. तुम्हाला मात्र आता प्रत्येक शब्द कळतो, आणि कळतं की गोष्ट इथेच संपली आहे: नवा थर तीन महिन्यांपूर्वी उघडला आणि मरणंही तीन महिन्यांपूर्वी सुरू झाली. हा हिशेब पडद्यावर कुणीच करत नाही, स्पॉकसुद्धा बराच वेळ घेतो.

दारात दूधवाली दाई येऊन थांबली आहे. राउताच्या घरची, सत्तरीची, हातात कॅन. आई स्वयंपाकघरातून पातेलं आणेपर्यंत ती चौकटीला टेकून पडद्याकडे पाहते. पडद्यावर पुढे-मागे काय काय दिसतं: फुटलेले गोळे, बोगद्यातली हत्यारबंद माणसं, भिंतीमागे सरपटणारं काहीतरी. तिला इंग्रजी येत नाही, हिंदीही बेताचीच. ती कुणाला उद्देशून नाही अशी म्हणते:

“ओकर अंडा ला फोरत हें, त ओ का करही?”

तिची अंडी फोडताहेत, मग ती काय करणार. कुणी लक्ष देत नाही. आई दूध घेते, दाई जाते. पडद्यावर हीच गोष्ट स्पॉकला कळायला अजून वीस मिनिटं लागतील. दाईची मुलगी दल्ली-राजहऱ्याला दिलेली आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्या खोलीत बसलेल्या मुलीला माहीत नाही, कारण तिने कधी विचारलं नाही.

आणि चित्र जातं. पडद्यावर मुंग्या, मग व्यत्ययाबद्दल दिलगिरीची पाटी. सरदारजींची पोरं ओरडतात. बाबा उठून सेटवर थाप मारतात. तुम्हाला मात्र ही पाटी हवीच होती, कारण कालप्रवास असाच फटीतून करतात.

पहिली उडी लांबची. नागपूर, अजब बंगला, विसाव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं. मध्य प्रांताच्या कचेरीत काम असलेला एक गृहस्थ, वेळ काढायला म्हणून, समोरच्या म्युझियममध्ये शिरतो. दोराबजी टाटा. भिंतीवर भूगर्भाचा नकाशा आहे आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक तुकडा गडद रंगवलेला आहे: लोखंड. प्रमथनाथ बोस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने काही वर्षांपूर्वी तिथे हिंडून ते नोंदवून ठेवलं होतं. दोराबजी आणि त्यांचे अमेरिकन जाणकार वेल्ड दल्ली आणि राजहऱ्याच्या टेकड्या चढतात. पायाखालचा खडक धातूसारखा वाजतो, असं त्या प्रवासाची हकीकत सांगणारे सांगतात. माल एक नंबर. पण जवळ कोळसा नाही, पुरेसं पाणी नाही. मग बोसांचं पत्र येतं, मयूरभंजकडे चला म्हणून, आणि टाटांचा पोलाद कारखाना जमशेदपूरला होतो. राजहऱ्याच्या टेकड्या आणखी पन्नास वर्षं आपल्या जागी राहतात. तिथे राहणाऱ्यांनी नकाशा पाहिलेला नव्हता.

दुसरी उडी जवळची: दल्ली-राजहरा, 1977 चा जून. भिलाईपासून नव्वदेक किलोमीटर, तेव्हाही दुर्ग जिल्ह्यातच (आता बालोद). लाल धूळ इतकी की कपडे, झाडं, कोंबड्या, सगळं एका रंगाचं. तुम्ही ज्या रेल मिलच्या पगारावर वाढलात, तिथे येणारं लोखंड इथून मालगाडीने येतं. वरच्या पट्टीवर यंत्रं चालतात आणि खालच्या खाणीत बायका-पुरुष हाताने दगड फोडून ट्रक भरतात, ठेकेदाराच्या हजेरीवर. मागणी काय? पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्ल्यांचे पैसे, आणि काम नसेल त्या दिवसाची काही मजुरी. त्यांची नवी संघटना आहे, छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ. तिचा पुढारी शंकर गुहा नियोगी, आधी भिलाईच्याच कोक ओव्हनमध्ये कामाला होता. 2 जूनच्या रात्री पोलीस त्याला उचलतात. लोक जमतात. गोळीबार होतो, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी. 11 माणसं जातात.

तुम्ही तिथे फार वेळ थांबू शकत नाही. थांबलात तर 3 जून 1983 पर्यंत थांबा: त्याच तारखेला, त्या मेलेल्यांच्या नावाने, खाणकामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून उभं राहिलेलं शहीद हॉस्पिटल सुरू होतं. म्हणजे तुम्ही चटईवर बसून जेनस-6 पाहत होतात तेव्हा ते चालू होऊन दोनेक वर्षं झाली होती. तुमच्या घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही. वाईट माणसं होती म्हणून नव्हे. परमनंट आणि ठेक्याचे, टाउनशिप आणि खाण, यांच्यामध्ये तेव्हाच्या भिलाईत कितीतरी प्रकाशवर्षं होती, आणि रविवारी सकाळी टीव्ही होता.

चित्र येतं. खोली सुस्कारा टाकते.

आता तो प्राणी. होर्टा. दगडातून असा जातो जसा आपण हवेतून. शरीर कार्बनचं नाही, सिलिकॉनचं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तो खरोखर भीतिदायक आहे, कारण नीट दिसतच नाही: काळ्या बोगद्यात काहीतरी काळं. रंगीत प्रतीत तो नारिंगी शिरांचा, करपलेल्या थालीपिठासारखा दिसतो आणि भाच्याला हसू येतं. पोरगं चूक नाही. 1967 च्या सुरुवातीला हॉलिवुडच्या देसिलू स्टुडिओत डोकावलात तर त्या रबराखाली तुम्हाला यानोश प्रोहास्का नावाचा हंगेरियन कसरतपटू गुडघ्यांवर रांगताना दिसेल, घामाघूम. पोशाख आधी झाला होता. तो अंगावर चढवून त्याने कूनसमोर रांगून दाखवलं, आणि मग कूनने गोष्ट लिहिली. याच चित्रीकरणात विल्यम शॅटनरला वडील गेल्याचा फोन आला. हातातला प्रसंग पुरा करूनच तो निघाला. ते तुम्हाला आता माहीत आहे म्हणून कर्कचा चेहरा काही ठिकाणी वेगळाच दिसतो. खरंच वेगळा आहे की आपण पाहतोय, सांगता येत नाही.

कर्क आणि होर्टा समोरासमोर. इथे लेखकाने एक खुबी केली आहे, ती लहानपणी निसटते. आधी कर्क म्हणत असतो मारा, आणि स्पॉक म्हणत असतो की आपल्या जातीतला शेवटचा प्राणी मारणं हा गुन्हा आहे. मग कर्क एकटा सापडतो, होर्टा काही करत नाही, नुसती थांबते. आणि स्पॉकच ओरडतो, मार तिला. मित्राचा जीव धोक्यात दिसला की तत्त्व गेलं. दोघांनी जागा बदलल्या, आणि बदलल्याचं दोघांच्याही लक्षात येत नाही.

मग स्पॉक तिच्या दगडी अंगावर हात ठेवतो, मन जुळवतो, आणि किंचाळतो. वेदना, वेदना. चटईवरची मुलगी रडायला लागते. आता कळतं: तुम्ही प्राण्याला भ्यायला नव्हतात. तुम्ही त्या शांत, टोकदार कानांच्या माणसाला ओरडताना पाहून भ्यायलात. घरातल्या कधीच न ओरडणाऱ्या माणसाने ओरडावं, तसं. दोन रात्री आजीजवळ झोपण्यामागे रबर नव्हतं, लेनर्ड निमॉयचा आवाज होता.

होर्टा आई आहे. पन्नास हजार वर्षांतून एकदा तिची सगळी जात मरते आणि एकच उरते, अंडी सांभाळायला. ते गुळगुळीत गोळे म्हणजे अंडी. खाणवाल्यांनी नवा थर उघडला, हजारो फोडले. दाई बरोबर होती. चवताळलेली खाणमाणसं दंडुके घेऊन येतात, कर्क त्यांना अडवतो, सगळं सांगतो. डॉक्टर मॅकॉय गवंड्याचं काम करत काँक्रीटने तिची जखम बुजवतो. आणखी एक गोष्ट तुम्हाला या वयात टोचते: आईवरच्या या भागात एकही स्त्री बोलत नाही. पडद्यावर बोलणारे सगळे पुरुष. एकटी होर्टा, तीही स्पॉकच्या तोंडून.

आर्थर क्लार्क यांनी पुढे म्हटलं होतं की या जुन्या मालिकेतला हाच भाग आपल्या लक्षात राहिला, कारण जे विचित्र आणि धोकादायक असतं ते दुष्ट असेलच असं नाही, हे यात आहे. क्लार्क यांचं नाव इथे ओढूनताणून आणलेलं नाही. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून भारतातल्या 2400 च्या आसपास खेड्यांत टीव्ही दाखवला गेला, तो साइट नावाचा प्रयोग; कोलंबोत राहणाऱ्या क्लार्कना इस्रोने त्यासाठीची एक डिश घरी बसवून दिली होती. आणि त्या खेड्यांच्या सहा गटांतला एक रायपूरचा होता. कोंबड्यांच्या जाळीची तीन मीटरची छत्री, पंचायतीसमोर टीव्ही, 36,000 किलोमीटरवरून येणारा कार्यक्रम. छत्तीसगढच्या खेड्यात अंतराळातून चित्र आलं ते स्टार ट्रेक भिलाईत पोचायच्या दहा वर्षं आधी. दाईने कदाचित टीव्ही तुमच्याआधी पाहिला असेल.

आता शेवटची दोन मिनिटं, आणि इथे तुमचं मालिकेशी भांडण आहे.

करार होतो. होर्टाची पिल्लं बोगदे खोदतील, ती त्यांची सवयच; खाणवाले मागून जाऊन खनिज गोळा करतील. पिल्लांना कुणी मारायचं नाही. साहेब यानावर कळवतो की पिल्लांनी कामाला सुरुवातही केली, नवे साठे सापडताहेत, आम्ही सगळे श्रीमंत होणार. हशा. होर्टाला स्पॉकचे कान आवडले, असा एक विनोद. संगीत. यान निघून जातं.

मुलगी डोळे पुसून हसते. सिस्टर टाळ्या वाजवते. बाबांना तर शेवट पसंतच आहे; प्रॉडक्शन सुरू झालं. तुम्ही मात्र लॅपटॉपसमोर बसून जे विचारलं तेच पुन्हा मनात विचारता: पिल्लांना काय मिळालं? ग्रह त्यांचा, दगड त्यांचा, खोदणार ते. मोबदला एवढाच की मारणार नाही. हे ज्याने लिहिलं तो भला माणूस होता यात शंका नाही. 1967 मध्ये, व्हिएतनामचं युद्ध चालू असताना, शत्रूला आई ठरवणारी गोष्ट अमेरिकेच्या घराघरांत पोचवणं सोपं नव्हतं. पण राजहऱ्याच्या ठेकेदारालाही ही कलमं तोंडपाठ होती.

घर रिकामं होतं. चपला ओळखून एकेक जण निघतो. बाबा झोपायला जातात. त्यांना सांगावंसं वाटतं बरंच, पण कालप्रवासात ते चालत नाही, आणि सांगणार काय? की 28 सप्टेंबर 1991 ला, तुम्ही कॉलेजात जायच्या वयात असताना, याच भिलाईत झोपेत असलेल्या नियोगींना गोळी घातली जाईल, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघच उरणार नाही? खान नूनियन सिंग आला नाही, हे आलं.

आजचं सांगायचं तर राजहऱ्याचा चांगला माल संपत आलाय. भिलाईची पुढची भूक रावघाटवर आहे. दल्ली-राजहऱ्याहून रेल्वे अंतागढ, ताडोकी करत त्या डोंगराकडे सरकते आहे. नवा थर उघडतोय.

भाग पन्नास मिनिटांचा आहे. अभिनय, संवाद, बांधणी, सगळ्याला पूर्ण गुण. शेवटच्या दोन मिनिटांचे गुण कापा. मुलांसोबत बसून पाहा, प्राणी पाहून हसली तर हसू द्या. साहेब श्रीमंतीची बातमी सांगायला लागला की तेवढा पॉज दाबा आणि त्यांना विचारा: पिल्लांची मजुरी किती ठरली?